पन्नाशीच्या उंबरठ्यावरची घालमेल: गावात घडणारा छोटा चित्रपट कोणत्या क्रमाने करावा

गावात राहणाऱ्या मध्यमवयीन माणसाच्या घालमेलीवरच्या पटकथा माझ्याकडे वाचायला येतात, आणि त्यांची सुरुवात बऱ्याचदा सारखीच असते. एक माणूस शेताच्या कडेला उभा राहून लांब कुठेतरी बघतोय. बायको विचारते, "काय झालं?" तो म्हणतो, "काही नाही." लिहिणाऱ्याला त्या माणसाबद्दल मनापासून वाटत असतं, पण प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही.

चूक अशी होते की घालमेल हीच कथा समजली जाते. घालमेल ही अवस्था आहे, आणि ती दिसायला तिच्याभोवती रोज चालणारं काम लागतं. गावातलं काम ठरलेल्या वेळी येतं, ठरलेल्या हातांनी होतं. माणसाचा जीव त्यातून उडाला की तोंडाने तो काही बोलत नाही, आधी त्याचा हात चुकतो. तो चुकलेला हात प्रेक्षकाला दिसावा यासाठी पुढचे टप्पे आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक जण आधी पटकथा संपवतात, मग गाव शोधतात, मग त्या गावात पटकथा कोंबतात. तिथेच निम्मा चित्रपट हातचा जातो.

टप्पा १: पटकथेच्या आधी कामाची वही

ज्या तऱ्हेच्या गावात कथा घडणार आहे तिथे किमान आठवडाभर राहा. कॅमेरा नेऊ नका, वही न्या. एका कामकरी माणसाचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहा. भावना लिहू नका, कामं लिहा. सकाळी पहिला हात कशाला लागतो, कोणतं काम दोघं मिळून करतात, कोणतं एकट्याने.

एक नोंद विसरू नका: कोणत्या कामात बोलता येतं आणि कोणत्यात नाही. इंजिन चालू असेल तर संवाद होत नाही, फक्त खुणा होतात. धार काढताना किंवा धान्य निवडताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, हात गुंतलेले असतात, आणि म्हणूनच अवघड गोष्टी तेव्हा बोलल्या जातात. तुमचे संवादाचे सगळे महत्त्वाचे प्रसंग या नोंदीतूनच येणार आहेत.

मग वर्षाचं वेळापत्रक मांडा. पुढे ढकलता येतं ते काम कोणतं, आणि अजिबात येत नाही ते कोणतं? न ढकलता येणारं काम म्हणजे तुमच्या कथेचं घड्याळ. नोकरदार माणूस चार दिवस रजा टाकून कुठेतरी निघून जाऊ शकतो. दुभती जनावरं असलेल्या माणसाला ते जमत नाही. सकाळ-संध्याकाळची धार चुकली तर कास तट्ट भरते, जनावर हंबरत राहतं, आणि असं वारंवार झालं तर कासदाहाचा धोका असतो. म्हणजे तुमचा नायक एक संध्याकाळ नुसता न सांगता निघून गेला, तरी मागे एक जिवंत, आवाज करणारा परिणाम उरतो. एवढा मोठा प्रसंग फुकट मिळत असताना लोक नायकाला क्षितिजाकडे बघायला का लावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वहीच्या शेवटच्या पानावर नजरांचा नकाशा काढा. कुणाच्या दारातून कुणाचं दार दिसतं, कुणाची गाडी कुठे उभी आहे हे कुणाला आपोआप कळतं. छोट्या गावात गुपित फुटायला कुणी बोलावं लागत नाही.

*तपासणी:* वही मिटा आणि पात्राचा एखादा साधा मंगळवार तासागणिक तोंडाने सांगा. जिथे अडखळाल तिथलं गाव तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

*सावधान:* कुणी विश्वासाने स्वतःच्या घरातलं सांगितलं तर ते जसंच्या तसं वापरू नका. व्यवसाय, नाती, प्रसंग तिन्ही बदला. तुम्ही पॅकअप करून जाल, त्या माणसाला तिथेच राहायचं आहे.

टप्पा २: घालमेलीला एक क्रियापद द्या

आता एकच वाक्य लिहायचं आहे: "जे काम हा माणूस वर्षानुवर्षं न चुकता करत आला, ते एके दिवशी त्याने..." रिकामी जागा डोळ्यांना दिसणाऱ्या क्रियेने भरा. "पोकळी जाणवली", "प्रश्न पडले" असली उत्तरं बाद.

उदाहरण देते. दूध संकलन केंद्रावर फॅट तपासणारी ४६ वर्षांची बाई. हातात मशिनचा आकडा, समोर नोंदवही. एके सकाळी ती एका माणसाच्या नावापुढे मुद्दाम वाढीव आकडा लिहिते. फॅटवर पैसे ठरतात, त्यामुळे या एका आकड्याने हिशोब हलतो. रांगेतल्या मागच्या माणसाच्या लक्षात येतं. तिने असं का केलं हे तिला स्वतःलाही पुरतं सांगता येत नाही. या एका कृतीत तिची वीस वर्षांची सचोटी, कंटाळा, कुणाबद्दलची माया, पकडलं जाण्याची ओढ, सगळं मावतं. तिला खिडकीत उभं करून उसासे टाकायला लावण्याची गरज उरत नाही.

वय शरीरातून दाखवा. मराठीत "चाळिशी लागली" हा शब्दप्रयोग चष्म्यासाठी आहे, आणि तो अगदी अचूक आहे: चाळिशीनंतर जवळचं वाचायला त्रास होऊ लागतो, माणूस औषधाची बाटली हातभर लांब धरून वाचतो. कॅमेऱ्याला हे लगेच दिसतं. मुख्य पात्र बाई असेल तर रजोनिवृत्तीच्या आसपासची झोपमोड, अचानक अंगातून येणाऱ्या गरम वाफा, अनियमित पाळी हे तिच्या दिवसाचा भाग आहेत. पहाटे तीनला उठून बसलेली बाई पटकथेत आली की तिचा दुसऱ्या दिवशीचा चिडका स्वर समजावून सांगावा लागत नाही.

जोडीदारालाही स्वतःची एक इच्छा द्या. घालमेल फक्त नायकाची आणि जोडीदार म्हणजे नुसता वाट पाहणारा चेहरा, असं झालं की चित्रपट स्वतःच्याच दुःखावर भाळलेला दिसतो.

नेहमीच्या चार पळवाटा ओळखून ठेवा: शहरातून परत आलेलं जुनं प्रेम, जगायला शिकवणारा पाहुणा, डॉक्टरांचा गंभीर रिपोर्ट, आणि शेवटाला आत्महत्या. पहिल्या तीन निषिद्ध नाहीत, पण त्या आल्या की घालमेलीचं कारण बाहेरून येतं आणि तुमचं मूळ माणूस हरवतं. चौथीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. शेवट सापडत नाही म्हणून कुणाला मारू नका.

टप्पा ३: पटकथा, आणि घड्याळ लावून वाचन

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशोब संवादांच्या पटकथेला लागू पडतो. तुमच्या पटकथेत "ती भांडी घासते" ही एक ओळ पडद्यावर दीड मिनिट चालेल. म्हणून ७० पानांचा मजकूरसुद्धा दोन तासांचा चित्रपट होऊ शकतो. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने स्टॉपवॉच धरावं, आणि कामाच्या ओळी आल्या की ते काम खरोखर हातांनी करून वेळ लिहावी. ९५ मिनिटांच्या पुढे गेलात तर आत्ताच कापा. कागदावरचा सीन कापायला काही लागत नाही, शूट केलेला कापताना आख्ख्या युनिटचा एक दिवस फेकला जातो.

एकच काम तीनदा आणा: सुरुवातीला ते बिनचूक होतं, मध्ये चुकतं, शेवटी वेगळ्या तऱ्हेने होतं. प्रेक्षकाला बदल मोजायला काहीतरी पट्टी लागते.

*तपासणी:* सगळे संवाद झाकून पटकथा वाचा. तरीही कोण कुणावर नाराज आहे हे कळलं पाहिजे.

टप्पा ४: रेकी, कानांनीही

रेकी म्हणजे शूटिंगच्या आधी जागा पाहून येणं. प्रत्येक जागा ज्या वेळेचा सीन आहे त्याच वेळी पाहा. सकाळच्या सीनचं घर दुपारी पाहून ठरवलं, की शूटिंगच्या दिवशी सूर्य भलत्याच खिडकीत असतो. मग डोळे मिटून दोन मिनिटं ऐका आणि रेकॉर्ड करा. पाण्याचा पंप कोणत्या वेळेला चालू होतो? जवळ गिरणी आहे का? भोंगा, शाळेची घंटा, कुत्री? ही यादी साउंड रेकॉर्डिस्टला द्या. शक्यतो त्याला रेकीलाच न्या. छोट्या युनिटमध्ये हा खर्च वाचवला जातो आणि डबिंगमध्ये दुप्पट भरला जातो.

विजेचा दाब, वायरिंग, मोबाइलची रेंज, सर्वात जवळचा दवाखाना आणि युनिटसाठी शौचालय, हे पाचही लिहून घ्या. परवानगी घरमालकाची वेगळी, रस्त्याची वेगळी, ड्रोनची वेगळी असते. तोंडी होकारावर युनिट हलवू नका.

टप्पा ५: नट, गावकरी आणि तालीम

मुख्य भूमिकेसाठी अनुभवी नट घेतलात तर त्याला ते काम किमान दोन आठवडे खरोखर करायला लावा. संवाद चुकला तर टेक घेता येतो. बादली धरायची पद्धत चुकली, तर ते काम जन्मभर केलेला प्रेक्षक त्या क्षणी चित्रपटाबाहेर जातो.

गावकऱ्यांना छोट्या भूमिका देताना संवाद पाठ करायला देऊ नका. हेतू द्या: "तुला तिच्याकडून उधारी परत हवी आहे, पण चारचौघांत मागायची नाही." शब्द त्यांचेच येऊ द्या. त्यांच्या हातांना काम द्या, कारण रिकामे हात कॅमेऱ्यासमोर घाबरतात.

इथे एक तांत्रिक गोष्ट हमखास चुकते. अनुभवी नट चौथ्या-पाचव्या टेकला खुलतो, नवखा माणूस पहिल्या-दुसऱ्या टेकलाच सर्वात खरा असतो. दोघं एका सीनमध्ये असतील तर गावकऱ्याचा क्लोजअप आधी घ्या, नटाचा नंतर. उलटं केलंत तर नट सापडेल आणि समोरचा माणूस लाकूड झालेला असेल.

*सावधान:* मानधन ठरवताना त्यांचं बुडणारं काम धरा. संमतिपत्र त्यांच्या भाषेत असावं आणि सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावं. चित्रपट कुठे कुठे दाखवला जाईल हेही सांगा. "सगळं जग बघेल" हे ऐकून कुणी नाही म्हणालं, तर तो नकार मुकाट्याने घ्या.

टप्पा ६: शेड्यूल

छोट्या युनिटला दिवसाला साधारण ४ पानं झेपतात, म्हणजे ६० पानांना १५ दिवस. जनावरं, लहान मुलं, गर्दी किंवा रात्र असेल त्या दिवशी निम्मंच धरा.

मांडणी अशी करा. आधी निसर्गाच्या तारखा: काढणी, पेरणी, पाऊस. कापलेलं पीक रिटेकसाठी परत उभं राहत नाही, म्हणून त्या दिवशी मिळाला तर दुसरा कॅमेरा भाड्याने घ्या. त्यानंतर बाहेरचे सीन, आणि प्रत्येक बाहेरच्या दिवसाला एक घरातला राखीव सीन जोडून ठेवा, म्हणजे पाऊस आला तरी दिवस बुडणार नाही. मग उरलेले सीन जमेल तितके कथेच्या क्रमाने लावा. घालमेल हळूहळू साचते. शेवटचं भांडण पहिल्या आठवड्यात शूट केलं तर नटाकडे साचलेलं काहीच नसतं.

पॅकअप आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हायची वेळ (कॉल) यांच्यात १० ते १२ तास ठेवा. गावातले रस्ते अंधारे असतात, आणि थकलेला ड्रायव्हर हा कुठल्याही शूटिंगचा सर्वात मोठा धोका असतो.

टप्पा ७: शूटिंग

*कॅमेरा.* पूर्ण चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सवर ठेवा. सर्वसाधारण शटर (एका फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते) १८० अंश, म्हणजे सेकंदाचा १/४८ भाग. पण घरातल्या दिव्यांखाली पट्टे किंवा फडफड दिसली तर ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १७२.८ अंश करा (१/५० सेकंद) आणि ६० हर्ट्झवर १४४ अंश (१/६० सेकंद). काही स्वस्त एलईडी दिवे यानेही सुधारत नाहीत, ते सरळ बदला. ही चाचणी रेकीच्या दिवशीच करून घ्या.

संधिप्रकाशाचा मोह आवरा. तो प्रकाश थोडाच वेळ टिकतो आणि त्यात दोन-तीन शॉटच होतात. शिवाय प्रत्येक सीन सोनेरी दिसला की गाव पोस्टकार्ड होतं, आणि अशा सुंदर ठिकाणी हा माणूस बेचैन का, हेच प्रेक्षकाला कळत नाही. भर दुपारचा सपाट, कंटाळवाणा उजेड तुमच्या विषयाला जास्त जवळचा आहे. कॅमेरा हातांच्या उंचीवर आणा, चेहऱ्याआधी काम दाखवा.

*आवाज.* इथे जास्त थांबते, कारण या प्रकारचे चित्रपट आवाजावर पडतात. चित्र थोडं कच्चं असेल तर प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो.

बूम (काठीवर धरलेला माइक) मुख्य, लेपल माइक (कपड्याला लावलेला) आधाराला. उघड्यावर फरचं वाऱ्याचं कव्हर असल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरूच करू नका, कारण माइकवर आदळलेला वारा नंतर पुसता येत नाही. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. जनरेटर घराच्या आडोशाला आणि केबल पुरेल तितका लांब. शक्य तिथे बॅटरीवरचे दिवे.

घरात शूट करताना फ्रिज बंद करावा लागतो, आणि रात्री तो चालू करायला हमखास विसरतात. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवा. फ्रिज उघडल्याशिवाय कुणी निघूच शकणार नाही.

प्रत्येक जागेवर सगळ्यांना स्तब्ध उभं करून ६० सेकंदांचा रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांततेतला आवाज, घ्या. याच्या जोडीला कामाचे सुटे आवाज घ्या: दोरी ओढणं, कडी लागणं, बादलीत पडणारी पहिली धार आणि भरत आल्यावरची धार. दोन्हींचा नाद वेगळा असतो. तुमचं पात्र जे बोलत नाही ते याच आवाजांतून ऐकू येणार आहे.

*तपासणी, रोज पॅकअपआधी:* आजच्या प्रत्येक सीनचा एक टेक हेडफोन लावून ऐका. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक लोकेशनच्या बाहेर. चेकसमने (प्रत मूळाशी तंतोतंत जुळते का हे तपासणाऱ्या आकड्याने) पडताळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही रात्र झाली तरी.

टप्पा ८: एडिट

पहिली जुळणी लांबलचक होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रफ कटला, म्हणजे कच्च्या एडिटला, संगीत लावू नका. व्हायोलिन लावलं की रिकामा शॉटही भरलेला वाटतो आणि तुम्ही स्वतःलाच फसवता.

नंतर मोजणी करा: माणूस काहीही न करता लांब बघतोय असे शॉट किती? निम्मे काढा. मग उरलेल्यांपैकी प्रत्येकाच्या आधी त्याने नुकतंच काय केलं किंवा टाळलं, हे दिसतंय का ते बघा. चुकलेल्या धारेनंतरची शांतता प्रेक्षक धरून ठेवतो. नुसती शांतता त्याला झोप आणते.

रफ कट पाच-सहा जणांना दाखवा, त्यात ते काम प्रत्यक्ष करणारा एक तरी माणूस असू द्या. "आवडला का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मन कुठे भरकटलं?" आणि "तिने तो आकडा का वाढवला असं तुम्हाला वाटतं?" हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर तंतोतंत सारखं आलं तर तुम्ही जास्त समजावलंय. कुणालाच काही वाटलं नाही तर टप्पा २ कच्चा राहिलाय, आणि तो एडिट टेबलावर दुरुस्त होत नाही. एखाद-दोन दिवसांचं पॅचवर्क, म्हणजे राहिलेले तुकडे, शूट करावं लागेल, त्यासाठी थोडे पैसे सुरुवातीपासूनच बाजूला हवेत.

टप्पा ९: शेवटची बांधणी आणि पाठवणी

सीनमध्ये रेडिओवर खरं गाणं वाजत असेल तर दोन हक्क लागतात: रचनेचा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा. एक मिळून भागत नाही. महोत्सवाने निवडल्यावर हे शोधायला निघालात तर फार उशीर झालेला असतो.

उपशीर्षकं दोन ओळींच्या वर नकोत, ओळीत साधारण ४० अक्षरांपर्यंत. बोलीतला शब्द परभाषेत नेताना अर्थासोबत नातंही न्या. नवऱ्याला "अहो" म्हणणारी बाई एके दिवशी "अरे" म्हणाली, तर उपशीर्षकात ते कळण्याची काहीतरी सोय हवी.

थिएटरसाठीची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, २४ फ्रेम्सवर करा. २के आकारात फ्लॅट (कमी रुंद) चौकटीसाठी १९९८ बाय १०८० पिक्सेल, स्कोप (जास्त रुंद) चौकटीसाठी २०४८ बाय ८५८. हे प्रमाण शूटिंगच्या आधीच ठरलेलं असावं, नाहीतर नेमके हातच फ्रेमबाहेर जातात. घरच्या संगणकावर नीट चालली म्हणून प्रत पाठवू नका. एकदा खऱ्या थिएटरमध्ये शेवटपर्यंत लावून बघा.

अनेक महोत्सव प्रथम प्रदर्शनाची अट घालतात. मित्रांना बघता यावा म्हणून चित्रपट इंटरनेटवर खुला टाकला तर ती संधी जाते. पासवर्ड असलेली लिंक ठेवा.

आणि ज्यांच्या घरात, गोठ्यात शूट केलं त्यांना चित्रपट तुम्ही स्वतः नेऊन दाखवा, तोही बाहेर कुठे दाखवण्याआधी. पांढरा पडदा, बरा प्रोजेक्टर आणि दोन चांगले स्पीकर पुरतात. अंधार पूर्ण पडल्यावर सुरू करा आणि संध्याकाळची धार संपल्यानंतरची वेळ धरा, म्हणजे कुणाला मध्येच उठून जावं लागणार नाही.